घरच्या एस्प्रेसो यंत्रावर दुधाला मोठे बुडबुडे येणे : माझा अनुभव

लहान बॉयलरच्या यंत्रावर दुधाला रेशमी फेस येण्याऐवजी मोठे बुडबुडे येत आणि दूध गरम होण्याआधीच वाफेचा जोर ओसरे. दूध बदलले, ते आणखी थंड करून पाहिले, दुधात वाफ सोडणारी नळी साफ केली. फरक पडला नाही. ही अडचण फार त्रासदायक होती.

कारण नळीच्या टोकात होते. त्याच्या 1 मिमी व्यासाच्या चार छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 3.1 चौरस मिमी भरते, आणि एवढ्या वाटेने निघून जाणारी वाफ लहान बॉयलर तितक्या वेगाने पुन्हा तयार करू शकत नाही. तेवढ्याच व्यासाच्या दोन छिद्रांचे टोक घेतल्यास हे क्षेत्रफळ निम्मे होते आणि दाब टिकतो. खरेदीपूर्वी नळीच्या आट्यांचा व्यास व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) मोजावा आणि आटे आतून आहेत की बाहेरून, हेही पाहावे, कारण सर्व यंत्रांचे आटे सारखे नसतात.

यंत्र बंद करून नळी पूर्ण थंड होऊ द्यावी. कापड गुंडाळून जुने टोक पान्याने सोडवावे, आटे पुसावेत, नवी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसवावी, नवे टोक हाताने घट्ट करून पान्याने किंचितच आवळावे. नंतर वाफ तापल्यावर आधी साचलेले पाणी बाहेर सोडावे, टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, मध्यापासून थोडे बाजूला धरावे, भांडे कोमट लागताच टोक जरा खोल न्यावे आणि दूध 60 ते 65 अंश सेल्सिअसला पोहोचताच वाफ बंद करावी.