शेळी गाभडली तर आधी हे करा

आमच्या संगमनेर भागात शेळी गाभडली की पहिला संशय जातो धडकेवर, दुसरा कुणाच्या तरी नजरेवर. गाभण शेळीला दुसरीनं शिंग मारलं तर गाभ जातोही. पण चौथा महिना उलटल्यावर एकीनं टाकला आणि मागोमाग दुसरीनंही, तर धडक विसरा. रोगच धरून चाला. माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ब्रुसेलाचं. हा जंतूंमुळं होणारा, गाभ पाडणारा रोग आपल्यालाही होतो.

पडलेल्या गर्भाला, वारेला उघड्या हातानं शिवू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटाला दोरा बांधा, तोंडाला फडकं गुंडाळा. घरात पोटुशी बाई असेल तर तिला गोठ्याकडं फिरकू देऊ नका. झाडलोट सुनेकडंच असते, त्यामुळं सासवांना हे पटत नाही. पण इथं भीडभाड नको.

गाडायची घाई करू नका. आधी 1962 ला, म्हणजे जनावरांसाठीच्या सरकारी नंबरला फोन लावा, नाहीतर जनावरांच्या दवाखान्यात कळवा. तपासणीला गर्भ आणि वार लागते. पिशवीत पिशवी घालून बर्फात ठेवा, घरच्या फ्रिजमध्ये अजिबात नको. वारेवर बटणासारख्या गाठी असतात, त्या बघून ठेवा. गाठींवर बारीक पांढरे ठिपके असतील तर टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो. तो मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो. गाठींमधला वारेचा पडदा चामड्यासारखा जाड झाला असेल तर ब्रुसेला किंवा क्लॅमायडिया, हाही गाभ पाडणारा जंतूच. नुसत्या नजरेनं निदान होत नाही, पण डॉक्टरांना दिशा मिळते. शेळीचं रक्त पहिल्यांदा निगेटिव्ह आलं तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, सुरुवातीला रोग रक्तात दिसेलच असं नाही.

नमुना गेला की उरलेलं, भिजलेल्या चाऱ्यासकट, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. वर बाभळीच्या काट्या रचा. कुत्री उकरतात आणि रोग गल्लीभर नेतात.

वार लटकत असेल तर ओढू नका, दगड तर मुळीच बांधू नका. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा.

गाभडलेली शेळी वेगळी बांधा. ब्रुसेलात तिच्या स्रावातून दोन-तीन महिने जंतू पडत राहतात. त्या काळात तिला बोकड दाखवू नका. गावातला सामाईक बोकड असेल तर त्याचे अंड सुजलेत का बघा आणि त्याचंही रक्त तपासायला द्या. ब्रुसेला पक्का निघाला तर इंजेक्शनांवर पैसा घालू नका, शेळीतून तो जात नाही. सरकारी मोहिमेतली ब्रुसेलाची लस कालवडी-पारड्यांसाठी आहे, शेळ्यांना ती मिळत नाही. रोगी शेळीचं पुढं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. गुपचूप बाजारात उभी करणारे आहेत, त्यांच्यामुळंच हा रोग तालुकाभर फिरतो. म्हणून मी बाजारातून ‘दुधाला चांगली आहे’ म्हणून शेळी घेत नाही. घेतलीच तर रक्त तपासून, आणि महिनाभर कळपात न मिसळता.

दूध उकळूनच प्या. डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी वाढतात’ म्हणून शेळीचं कच्चं दूध मागायला लोक दारात येतात. मी पातेलं चुलीवर ठेवते आणि उकळलेलंच देते, कुणी रुसलं तरी. गोठ्यात वावरणाऱ्या कुणाला चढता-उतरता ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा की घरी शेळ्या आहेत. नाहीतर टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्यांतच महिना निघून जातो.