टेनर ड्रम सुरात लावायचा कसा (आणि कृपा करून उन्हात ठेवू नका)

डिसेंबर उजाडला की मला फोन सुरू होतात. १९ तारखेची गोवा मुक्तिदिनाची परेड, मग लगेच २६ जानेवारी, आणि प्रत्येक शाळेच्या बँडची तक्रार एकच, दादा टेनर वाजतो पण डबा बडवल्यासारखा वाजतो. पोरांचा हात वाईट नसतो हो, ड्रम लावलेलाच नसतो.

बँडमधल्या स्नेअर ड्रमच्या खाली तारा असतात म्हणून तो कडकडतो, बास ड्रम खालून धम्म करतो, आणि या दोघांच्या मधे गाणं म्हणायचं काम टेनरचं. त्याला तारा नाहीत त्यामुळे लपायला जागा नाही, सूर बिघडला की सरळ ऐकू येतो. मी इथे चार ड्रमचा सेट धरून चाललोय, १०, १२, १३ आणि १४ इंच. वाजवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर आत उजवीकडे १०, आत डावीकडे १२, बाहेर उजवीकडे १३ आणि बाहेर डावीकडे १४. हे ड्रम खालून उघडे असतात, म्हणजे एकच हेड (काठी पडते तो वरचा पडदा) लावायचंय, अर्धं काम वाचलं.

जुनं हेड काढा, कडा पुसा, रॉडना, म्हणजे रिम आवळणाऱ्या लांब स्क्रूंना, थोडं ग्रीस लावा (आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, ग्रीस नाही लावलं तर पुढच्या वर्षी रॉडवर चावी फिरणारच नाही). नवीन हेड बसवा, त्यावर रिम (हेड दाबून धरणारं कडं) ठेवा, सगळे रॉड आधी फक्त बोटांनी आवळा.

आता खरी गंमत. पहिल्या वर्षी मी सायकलचे नट आवळतात तसा गोल गोल फिरत गेलो, एकापाठोपाठ एक. रिम एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूला वर राहिली, आवाज फाटका, आणि फाटका येतो म्हणून मी अजून आवळला, अजून आवळला, शेवटी हेड टेबलासारखं टणक झालं आणि सूर होता तिथेच. आख्खी संध्याकाळ गेली. शेवटी भजनाला तबला वाजवणाऱ्या आमच्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, अरे घरं कुठे जुळवलीस तू?

तेच आहे सगळं. तबल्याच्या पुडीची सोळा घरं, म्हणजे काठावरच्या सोळा जागा, जशी एका सुरात आणतात, तशी इथे प्रत्येक रॉडसमोर एक घर समजायचं. एक रॉड अर्धा फेरा, मग त्याच्या बरोब्बर समोरचा अर्धा फेरा, मग बाजूची जोडी. थोडा ताण आला की तळहाताने हेडच्या मधे दाबा, कर्रकर्र आवाज येईल, घाबरू नका, हेड बसतंय. आता मधे एक बोट हलकं टेकवा आणि प्रत्येक रॉडपासून दोन बोटं आत काठीने टिचकी मारा. एखादं घर उतरलेलं वाटलं की लगेच चावी मारायची नाही! आधी समोरचं घर ऐका. बऱ्याच वेळा तेच चढलेलं असतं आणि बिचाऱ्या उतरलेल्यावर आळ येतो. चढलेलं घर सुराच्या खालपर्यंत सैल करा आणि परत वर आणा, वरून सोडत सोडत सुरावर थांबलात तर तो दोन गाणी पण टिकणार नाही. पाव फेऱ्याच्या वर चावी फिरवायची नाही आता.

आणि बाकीच्या तीन ड्रमांवर टॉवेल टाका. हे कोणी सांगत नाही. एक वाजवला की शेजारचे आपोआप गुणगुणतात आणि तुम्ही भलत्याच ड्रमचा सूर ऐकत बसता. मोबाईलमधलं ट्यूनर ॲप पण असंच फसतं, ड्रमच्या आवाजात एकावेळी अनेक सूर असतात, ॲप त्यातला हवा तो पकडतं. पेटी घ्या, कान वापरा.

चौघांत अंतर किती, यावर लोक भांडतात. माझं ठरलेलं आहे, १४ इंची सा, १३ ग, १२ प आणि १० इंची शुद्ध नी. पेटीची कुठली पट्टी ते महत्त्वाचं नाही, मोठा ड्रम जिथे मोकळा आणि भरीव बोलतो तो तुमचा सा, बाकीचे त्याच्यावरून. मोठ्यापासूनच सुरू करा. लहानापासून गेलात तर मोठ्याला नीट ताणच उरत नाही, लिबलिबीत राहतो.

आता उन्हाचं. गावात कोणीतरी सांगणारच की ड्रम जरा उन्हात ठेव, ताठ होईल. चवथीला, म्हणजे गणपतीत, घुमट (चामडं लावलेलं मातीचं वाद्य) आपण उन्हात ठेवतो ते बरोबर आहे, ते चामडं आहे, दमट हवेने सैल पडतं आणि सुकलं की ताणतं. टेनरचं हेड प्लास्टिकचं असतं, ते उन्हात तापलं की उलट सैल होतं आणि सूर उतरतो. मी हे सुद्धा करून बसलोय, परेडच्या सकाळी, अर्धा तास उन्हात, आणि मग ग्राउंडवर चावी शोधत पळालोय. सावलीत ठेवा, आणि शेवटचं लावणं ग्राउंडवर पोचल्यावर करा. नवीन हेड तसंही पहिल्या रात्री उतरतं, म्हणून परेडच्या आदल्या दिवशी बदलू नका, चार दिवस आधी बदला आणि रोज बघा.

लावून झाला की मारायचा कुठे? रिमपासून दीडेक इंच आत. स्नेअरची सवय असलेली पोरं मधोमध मारतात, तिथे नुसता भद्द आवाज येतो आणि मग परत मला फोन, दादा डबा वाजतोय. चावी हातात घ्यायच्या आधी काठी कुठे पडतेय ते बघा.