गणपतीच्या कार्यक्रमासाठी चिपमंकचा बारीक आवाज घरी कसा काढायचा

सोसायटीच्या गणपतीत आठवी-नववीची मुलं स्टेजवर यायला लाजतात ना, त्यांना चिपमंकच्या, म्हणजे खारीसारख्या छोट्या प्राण्याच्या, आवाजातलं गाणं करायला द्या, धावत येतील. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉस बॅगडासेरियनने टेप अर्ध्या स्पीडला ठेवून गायलं आणि नॉर्मल स्पीडला वाजवलं, त्यातून 'विच डॉक्टर' हे गाणं निघालं, त्याच वर्षी तीन गाणाऱ्या चिपमंकचं गाणंही, दोन्ही तिथल्या गाण्यांच्या यादीत एक नंबरला. तिन्ही चिपमंकचे आवाज त्याचेच, आणि तीन नावं रेकॉर्ड कंपनीतल्या माणसांवरून ठेवलेली!

आपल्याला ऑडॅसिटी हे कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे. म्युझिक ट्रॅक ०.५ स्पीडला करा, सूर एक सप्तक खाली जाईल, हेडफोन लावून त्याच्यावर सावकाश गा, फक्त आवाज रेकॉर्ड करा, मग तो २ स्पीडला नेऊन मूळ ट्रॅकवर ठेवा, बरोब्बर बसतो. एकच काळजी घ्या, स्पीड आणि पिच दोन्ही बदलणारा इफेक्ट निवडायचा, नुसता टेम्पोवाला नाही, त्यात सूर तसाच राहतो, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज दुप्पट स्पीडला लावला तरी आवाज बारीक होत नाही ना, तसं होतं.

शब्द मुलांनाच लिहू द्या, रोजचेच, 'दादरला उतरायचंय' वगैरे. पण गाताना 'उऽतराऽयचंऽय' असं शेवटपर्यंत ओढून म्हणा, नाहीतर स्पीड वाढवल्यावर 'चंय' गायब. तीन मुलं असतील तर तिघांचं वेगवेगळं रेकॉर्ड करा. दोन-सव्वादोन मिनिटं बास, ती गाणीही तेवढीच असायची.

आता दिसण्याचं बघा, माझ्या मते अर्धं काम तिथेच आहे. १९५७ च्या ऑगस्टपासून अमेरिकेत फिलाडेल्फियाचा 'अमेरिकन बँडस्टँड' हा गाण्या-नाचाचा टीव्ही कार्यक्रम देशभर दिसायला लागला, शाळा सुटल्यावर लागायचा, गायक रेकॉर्डवर ओठ हलवायचे आणि नाचायला शाळकरी पोरं, म्हणजे घरी बघणाऱ्यांना आपल्याच वयाची मुलं दिसायची, कपडे काय, केस कसे, नवीन स्टेप कोणती, मग टीव्हीसमोरून हलणार कोण! '७७ सनसेट स्ट्रिप' या तिथल्या टीव्ही मालिकेतला कुकी नावाचा तरुण सतत केस विंचरायचा, त्या कंगव्यावर १९५९ मध्ये गाणं आलं आणि चार नंबरपर्यंत गेलं.

म्हणून प्रत्येक मुलाला एकच वस्तू आणि एकच सवय द्या, कोणी छत्री उघडमीट करेल, कोणी डब्याचं झाकण वाजवेल. लाइव्ह गायला लावू नका, ओठच हलवू दे. आणि आदल्या दिवशी मंडपातल्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून बघा, कानाला टोचलं तर ट्रेबल कमी करा.