फायरवॉलला भोक न पाडता फॉगलॅम्पची वायर आत

फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, ड्रिल लावूच नये, उघड्या पत्र्याला गंज धरतो. मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधूनच (वायरी जातात त्या भोकातलं रबरी बूच) वाट काढली. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. सायकलच्या स्पोकचं टोक कानशीने गोल घासलं, साबणाचं पाणी लावलं आणि ग्रोमेटच्या कडेने, हार्नेसपासून (वायरींच्या जुडग्यापासून) लांब सारलं; त्याला बांधून वायर आत घेतली. टोकदार स्पोक आतल्या वायरींचं इन्सुलेशन सोलतो; पुढे शॉर्ट होतो तो इथूनच.

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे ९ अँपिअर. त्यासाठी २.५ चौ. मिमी वायर, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत. रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बॉनेटखालीच, आत फक्त स्विचची बारीक वायर.

सोलापूरच्या मे महिन्यात इंजिनजवळ साधी पीव्हीसी टेप चिकटा सोडते, कापडीच गुंडाळा. ग्रोमेटबाहेर वायरला खाली झोल ठेवला, पाणी तिथूनच ठिबकतं.