माळरान चालायचं तर

दादरहून दर रविवारी सह्याद्रीत पळणाऱ्या आम्हाला चढ कळतो, माळ कळत नाही. चढच नाही म्हणून पहिल्या खेपेला २ लिटर पाणी नेलं. अकरा वाजता बाभळीखाली जीभ टाळूला चिकटली. आता माणशी ५ लिटर, आणि चाल दहापर्यंतच.

नोव्हेंबर ते जानेवारी निवडा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी सोलापूर. तिथून नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य साधारण २० किलोमीटर. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. मळलेली वाट सोडू नका, चंडोल आणि धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. लांडग्यापेक्षा धनगरांच्या कुत्र्यांना जपा. मेंढरांना लांबून वळसा घाला. लोकरी मोजे नकोत, कुसळं आठवडाभर टोचतात. काळवीट दिसतील. माळढोकाची आशा मात्र घरीच ठेवा.