सिव्हिलच्या दोन तारखांमधले दिवस

माझ्या धाकट्या भावाला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत महिन्याने तारीख मिळते. समुपदेशनाला वेळ थोडा, बाहेर रांग मोठी. म्हणून मधल्या दिवसांची सोय आम्ही तिथूनच लावून निघतो. तुम्हीही लावा.

खोली सोडण्याआधी विचारा: मध्येच त्रास वाढला तर कोणाकडे, कोणत्या वारी यायचं? उत्तर केसपेपरवरच लिहून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञांसोबत मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिकाही असतात. सामाजिक कार्यकर्त्यांशी ओळख जरूर ठेवा. घरच्यांना आजार समजावणं, तारीख अलीकडे घेणं, यात आम्हाला सगळ्यात जास्त आधार त्यांचाच झाला.

रात्रीसाठी १४४१६. ही टेलिमानस, २०२२ साली सुरू झालेली सरकारी सेवा: मोफत, चोवीस तास, मराठीतही. भाऊ बोलायला तयार नव्हता तेव्हा मीच फोन लावला. घरच्यांनाही सल्ला मिळतो. पण जीव द्यायचे विचार बोलून दाखवले, तर माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका. १०८ला फोन करा किंवा सरळ अपघात विभागात न्या.

एक साधी वही ठेवा. झोप किती, गोळी घेतली का, कशाने बिनसलं, एवढंच रोज लिहा आणि पुढच्या तारखेला बसल्याबसल्या डॉक्टरांपुढे ठेवा. थोडक्या वेळात नेमकं बोलणं होतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच आणा. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.