रापणीच्या फोटोचे साडेसात रुपये

मालवणात नवीन कॅमेरा घेतलेली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "स्टॉकला फोटो टाकले तर महिन्याला किती सुटतात?" स्टॉक म्हणजे फोटो वापरायचे परवाने विकणाऱ्या ऑनलाइन एजन्सीज. मी 2011 पासून तिथे टाकतोय. उत्तर देताना मी एकाच फोटोची गोष्ट सांगतो.

देवबागच्या किनाऱ्यावरची रापण, म्हणजे माणसांनी मिळून दोराने किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. तीन पहाटा हुकल्या, चौथ्या दिवशी ऊन तिरपं आलं आणि ओल्या दोराचा पीळ न् पीळ उठून दिसला. टाचा वाळूत रुतवून मागे रेललेली चौदा माणसं, सगळ्यात पुढे काष्टा खोचलेली एक काकी, शेवटी दोराचं टोक धरून एक शाळकरी पोरगा. जाहिरातीसाठी फोटो विकायचा तर ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचं मॉडेल रिलीज, म्हणजे लेखी संमती, लागतं. म्हणून दोन दिवस घरोघर फिरून चौदा सह्या घेतल्या, पोराची सही त्याच्या वडिलांनी केली. काकींनी खळ्यात बसल्या बसल्या विचारलं, "माझो फोटो इकून तुका किती गावतले रे?"

2020 च्या एका स्टेटमेंटमध्ये त्याच फोटोसमोर आकडा होता 0.10 डॉलर. साडेसात रुपये. काही महिन्यांनी कसालजवळ हायवेवर एका रिसॉर्टच्या होर्डिंगवर तीच रापण दिसली. फ्लेक्स छापणाऱ्याला चौरस फुटाने पैसे मिळाले असणार. रिसॉर्टवाल्याने काही चोरलं नव्हतं, परवाना रीतसर होता, आणि मला तेच जास्त लागलं.

हे दर असे का पडले, ते नीट समजून घ्या. पूर्वी मोठ्या एजन्सीज 'राइट्स मॅनेज्ड' पद्धतीने विकायच्या: फोटो कुठे, केवढा, किती प्रतींत, किती महिने वापरणार, यावर किंमत. होर्डिंगचा दर वेगळा, पत्रकाचा वेगळा. 'रॉयल्टी फ्री'मध्ये एकदा पैसे भरले की परवान्याच्या अटींत राहून हवं तितक्या वेळा वापरा. 2000 साली कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉक ही फोटोंची साइट सुरू झाली, आधी फुकट देवाणघेवाण, मग अगदी किरकोळ दरात विक्री. हौशी लोकांचे लाखो फोटो आले. 2006 मध्ये गेटी इमेजेस या बड्या फोटो एजन्सीने ती 5 कोटी डॉलरना घेतली. पुढे सबस्क्रिप्शन सर्वत्र झालं. ग्राहक महिन्याचं पॅकेज घेतो, त्यातून जितके जास्त फोटो डाउनलोड करेल तितका एकेका फोटोचा भाव खाली. 2019 मध्ये गेटीने क्रिएटिव्ह (बातम्यांचे सोडून जाहिराती वगैरेंसाठीच्या) फोटोंची राइट्स मॅनेज्ड विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. अनस्प्लॅशसारख्या साइटवर तर बहुतेक फोटो फुकटच.

माझ्या एजन्सीने जून 2020 पासून ठरलेल्या सेंट्सऐवजी टक्केवारी आणली: विक्रीच्या रकमेतले 15 ते 40 टक्के, कमीत कमी दहा सेंट. वर्षभर विक्री करून वरची पायरी गाठा, 1 जानेवारीला पुन्हा तळाशी. माझे महिन्याला चार हजार यायचे ते दीड हजारावर आले. कोकणात हे फार जाणवतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, लग्नं नाहीत, आणि दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, तिच्या सफाईचा खर्च वेगळा. पावसाळ्याचा आधार म्हणून मी स्टॉककडे बघत होतो. तो आधार गेला.

म्हणून आता मी फोटोंचे दोन ढीग करतो. माड, लाटा, सूर्यास्त, सोलकढीची वाटी असलं सर्वसाधारण सगळं स्टॉकला. जे मिळवायला ओळख लागते आणि पहाटा घालवाव्या लागतात ते अजिबात टाकत नाही: रापण, दशावताराची रंगपटातली रंगरंगोटी, वेळासला समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं. एकदा रॉयल्टी फ्री विकलेला फोटो साइटवरून काढला तरी आधी दिलेले परवाने चालूच राहतात. माझी ती रापण अशीच कायमची हातातून गेली.

दुसरा ढीग मी थेट विकतो, आणि नेहमी लेखी: कोणता वापर, किती काळ, कोणत्या भागात, किती रक्कम. हा कागद टाळू नका. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 सांगतं की कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. लग्नाचं, हॉटेलचं काम यातच येतं. आणि हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. वर्षभराचंच द्यायचं असेल तर 'एक वर्ष' हे शब्द कागदावर हवेत.

गेल्या वर्षी रापणीची नवी फ्रेम एका कॅलेंडरला दिली: एक वर्ष, एकच आवृत्ती, सहा हजार रुपये. रापणीत दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतो, तसा त्यातला दीड हजार मी रापणकरांना दिला. आता हे मी दर विक्रीला करतो.

सुरुवात करणार असाल तर ऑगस्टमध्ये, काम थंड असतं तेव्हा, आपले दहा निवडक फोटो छापून घ्या आणि जवळच्या होमस्टे-रिसॉर्टवाल्यांना समोर बसून दाखवा. दिवाळीच्या हंगामाची त्यांची पत्रकं त्याच सुमारास ठरत असतात.